स्पॅनिश दुनळी आणि तिचे दोन मालक

नोव्हेंबरातला पहिला गुरुवार, सकाळ. जागा : मिडलंड्समधल्या आमच्या पोलीस ठाण्यातली मुलाखतीची खोली. हजर : मी (बंदूक परवाना विभागाची सार्जंट), तपास करणारा डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल, सत्तरी ओलांडलेले एक मराठी गृहस्थ, ज्यांना मी इथे काका म्हणणार आहे, आणि त्यांचा सॉलिसिटर, म्हणजे वकील. दाराबाहेर बाकावर काकू, मांडीवर स्टीलचा डबा घट्ट धरून. आणि टेबलावर, पारदर्शक पिशवीत सील केलेली एक स्पॅनिश बंदूक.

निवृत्त होताना मी बहुतेक केसेस ठाण्यातच ठेवून आले. ही एक केस मात्र माझ्याबरोबर घरी आली.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन कॉव्हेंट्रीला आले, काही वर्षं कौन्सिलमध्ये काढली आणि मग पोलिसांत भरती झाले. शेवटची वर्षं परवाना विभागात गेली. इथे शॉटगन ठेवायची तर पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं. आम्ही अर्जदाराच्या घरी जातो, डॉक्टरचा शेरा बघतो, भिंतीला बोल्टनं घट्ट बसवलेलं लोखंडी कपाट हलवून पाहतो आणि एक प्रश्न न चुकता विचारतो : किल्ली कुठे असते? ती कुणाला मिळता कामा नये. बायकोलासुद्धा नाही.

काकांच्या घरी मी सर्टिफिकेटच्या नूतनीकरणासाठी आधी एकदा जाऊन आले होते. जन्मभर गाड्यांच्या कारखान्यात टूलरूममध्ये काम केलेला माणूस. निवृत्तीनंतर शेजारच्या शेतकऱ्याच्या नादानं हवेत फेकलेल्या मातीच्या थाळ्या बंदुकीनं उडवायला शिकले आणि मग बंदुकीच्या प्रेमात पडले. त्या दिवशी त्यांनी मला ती दाखवली, म्हणजे जवळपास शिकवलीच.

"मॅडम, हे बघा. प्लेटवरचे सगळे स्क्रू. खाचा एका रेषेत आहेत की नाही? हे मशीन करत नाही. माणूस करतो."

ही बंदूक म्हणजे काय, ते इथेच सांगून टाकते. हल्ली बहुतेकांकडे एकावर एक नळ्या असलेली शॉटगन असते. जुनी तऱ्हा शेजारी-शेजारी दोन नळ्यांची, साइड-बाय-साइड. लंडनच्या नावाजलेल्या कारागिराची अशी दुनळी घ्यायची तर घरासाठी साठवलेले पैसे मोडावे लागतात. पण उत्तर स्पेनमध्ये, बास्क डोंगरातल्या एइबार गावात, लंडनचाच नमुना समोर ठेवून अशाच बंदुका हातानं घडवल्या गेल्या. अक्रोडाचा दस्ता, बाजूच्या प्लेटवर वेलबुट्टीचं बारीक कोरीवकाम, हातात घेतल्यावर दोन्ही हातांत सारखं वाटलं जाणारं वजन. जुनी मिळाली तर किंमत एखाद्या वापरलेल्या छोट्या गाडीएवढी. क्लबांतली काही मंडळी तिच्याकडे नाक मुरडून बघतात. ज्यांना काम कळतं, ती बघत नाहीत. नळ्यांची जाडी मोजून घ्यावी, मिटल्यावर नळ्या आणि त्या जिथे बसतात ते बूड यांत फट नाही ना ते उजेडाकडे धरून पाहावं, आणि मग वर्षाला एकदा गनस्मिथकडे, म्हणजे बंदुकांच्या कारागिराकडे, द्यावी. पुढच्या पिढीला पुरते.

"नावाला पैसे मोजायचे की कामाला?" काका म्हणाले होते. "मी कामाला मोजले." आणि त्यांनी बंदूक मिटली. चांगल्या गाडीचं दार लागावं तसा नेमका, छोटा आवाज आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला तो ऐकू आला ना याची खात्री करायला.

तीच बंदूक नवरात्रात चोरीला गेली.

नवमीच्या संध्याकाळी काका-काकू मंडळाच्या कार्यक्रमाला गेले होते. परत आले तर मागच्या काचेच्या दाराचं कुलूप तोडलेलं. चांदीची भांडी गेली, थोडे दागिने गेले आणि बंदूक गेली. काकांनी तिथल्या तिथे फोन केला. इथपर्यंत सगळं नीट होतं. अडचण कपाटाची होती. त्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता. ते किल्लीनं उघडलं होतं, आणि काकांनी पहिल्याच जबाबात लिहून दिलं होतं, "किल्ली माझ्या खिशात होती."

किल्ली खिशात आणि कपाट किल्लीनं उघडलेलं. पोलीस अशा दोन वाक्यांची बेरीज एकच करतात. कॉन्स्टेबल मला म्हणाला, "म्हातारबाबांनी ती विकली असणार, आणि चोरी आयती मिळाली." त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना. सर्टिफिकेट स्थगित झालं. शेतावरच्या मित्रांनी काकांना फोन करणं बंद केलं. ज्या माणसाच्या हातून बंदूक भलत्यांच्या हातात गेली असावी, त्याच्याशेजारी रविवारी उभं राहायला कुणाला आवडेल? आणि बंदूक बाहेर होती. कुणाच्या तरी डिकीत, कुणाच्या तरी पलंगाखाली. परवाना विभागातल्या माणसाला त्या विचारानं जेवण गोड लागत नाही.

काकांना मी ओळखते, एवढं मी इन्स्पेक्टरना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले, "एक घरभेट म्हणजे ओळख नव्हे. पण एकटी भेटू नकोस आणि मुलाखतीत इंग्रजीच बोल."

खबर आली ती एका बाजारगावातल्या गनस्मिथकडून. माणूस बडबड्या, पण डोळे तयार. त्याच्या दुकानात एकजण क्रिकेटच्या बॅगेतून दुनळी घेऊन आला आणि किंमत विचारू लागला.

"आधी मला बॅग बघूनच शंका आली," गनस्मिथ फोनवर म्हणाला. "अशी बंदूक कुणी पॅड आणि ग्लव्हज्‌च्या वासात ठेवतं का? सर्टिफिकेट दाखव म्हटलं तर म्हणाला, गाडीत आहे. गाडीकडे गेला तो गेलाच. पण नंबर प्लेट मी टिपून घेतलीय."

त्या नंबरावरून आम्ही एका कॅरव्हॅनपर्यंत, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरापर्यंत, पोचलो. आतल्या बाकाच्या गादीखाली चांदीची काही साधी, बिनखुणेची भांडी होती आणि एक स्पॅनिश दुनळी. एकच. तिचा नंबर ग्राइंडरनं खोलवर घासून काढलेला होता, नळ्यांखाली आणि बुडावर, दोन्हीकडे. प्रयोगशाळेनं ॲसिड लावून पाहिलं, हाती फक्त शेवटचा आकडा लागला. पकडलेला माणूस प्रत्येक प्रश्नाला "नो कॉमेंट" म्हणत राहिला.

आणि या एका बंदुकीला मालक निघाले दोन. दुसरे होते पलीकडच्या परगण्यातले एक जमीनदार. त्यांचीही स्पॅनिश दुनळी त्याच सुमारास गेली होती, त्याच कारखान्याची, त्याच घाटाची, नंबराचा शेवटचा आकडासुद्धा तोच. सज्जन माणूस. बंदूक वडिलांची, वर्षातून दोनदा बाहेर निघणारी, त्यामुळे तिच्या खाणाखुणा त्यांना धड सांगता येईनात. पिशवीतल्या बंदुकीकडे बघून ते म्हणाले, "हीच असावी." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ती हवी होती.

ही बंदूक जमीनदारांची ठरली असती तर काकांची अजून बाहेरच होती, आणि ती त्यांनीच विकल्याचा संशय तसाच चिकटून राहणार होता. काकांची ठरली तर ती खरंच चोरीला गेली होती, हे सिद्ध होणार होतं. काकांचं सगळं एवढ्या एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी ती प्रॉपर्टी स्टोअरमध्ये परत पाहायला घेतली. हातमोजे, टेबल लॅम्प, भिंग. चापाभोवतीच्या कमानीच्या कोरीवकामात काहीतरी पिवळट बसलं होतं. दस्त्यावरच्या चौकटींच्या नक्षीत लालसर कण.

"गंज," कॉन्स्टेबल म्हणाला.

गंज पिवळा नसतो. चोरीच्या सायकलींवरच्या अदृश्य खुणा वाचायला आमच्याकडे जांभळ्या उजेडाची बॅटरी असते. ती मी आणली, खोलीतला दिवा बंद केला आणि उजेड टाकला. कोरलेल्या वेलींच्या फटीफटींतून हिरवट पिवळी रेघ चमकून उठली.

"हे काय?"

"हळद," मी म्हटलं. "आणि ते लाल, कुंकू."

"म्हणजे कुणाच्या तरी करीचे हात?"

"नाही रे बाबा. पूजा." मग मी त्याला सांगितलं. नवमीला आमच्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा होते. ज्या वस्तूवर घर चालतं तिला हळदकुंकू लावतात. माझ्या घरी शिवणयंत्राला लागतं आणि गाडीच्या स्टिअरिंगला लागतं. वरवरचं पुसून जातं, फटीतलं राहतं. वर्षावर वर्षं साठलेलं होतं ते.

तो हसला नाही. खिडकीतून खाली लावलेल्या माझ्या गाडीकडे बघून म्हणाला, "म्हणून तुझ्या स्टिअरिंगला पिवळा डाग आहे. मला वाटायचं, मस्टर्ड."

इन्स्पेक्टर खूश झाले, पण सावध राहिले. "डाग म्हणजे नाव नव्हे. कोर्टात कुणीही म्हणेल की हळद कुठूनही लागते. आपण न सुचवता त्यांनी स्वतःहून सांगितलं पाहिजे. तुझ्या तोंडून तो शब्द आला तर पुरावा संपला."

आणि आम्ही गुरुवारच्या खोलीत आलो.

कॉन्स्टेबलनं विचारलं, "ही तुमची आहे हे ओळखू येईल अशी एखादी खूण?"

काकांनी स्क्रूच्या खाचा सांगितल्या, दस्त्याच्या लाकडातली काळी लहर सांगितली. ते सगळं त्या कारखान्याच्या कुठल्याही चांगल्या बंदुकीला लागू पडलं असतं.

"आणखी काही? पृष्ठभागावर? काही लावलेलं, लागलेलं?"

काकांनी नुसती मान हलवली.

"फोटो आहेत का?"

"नाहीत."

फार लवकर आलं ते. ज्याच्याकडे फोटो नसतात तो आधी आठवतो, मग नाही म्हणतो. ज्याच्याकडे असतात आणि दाखवायचे नसतात, त्याचं नाही तयार असतं. मी त्यांच्याकडे पाहत होते. हा माणूस बंदूक परत मिळावी म्हणून तडफडत होता आणि ती मिळवून देणारी एकुलती एक गोष्ट दाताखाली धरून बसला होता. का, ते मला कळेना. पूजा हा काही गुन्हा नाही. बंदूक त्यांच्याच समोर, त्यांच्याच घरात होती.

सॉलिसिटरनं चहाची सुट्टी मागितली. मी बाहेर आले. काकूंनी मला अडवलं.

"अगं, तू साताऱ्याकडची ना? तुझ्या बोलण्यावरून कळलं. आत काय चाललंय?"

"काकू, मला केसबद्दल बोलता येत नाही तुमच्याशी."

"मग तू नको बोलूस. मी बोलते."

"काकू, थांबा. तुम्ही जे सांगाल ते मला लिहून घ्यावं लागेल. दुसरा अधिकारी आणि दुभाष्या बोलावून."

"बोलाव की. कुणालाही बोलाव. हे सांगणार नाहीत. माझ्यावर येईल म्हणून गप्प बसलेत आणि रात्र-रात्र छताकडे बघत पडतात." त्यांनी डबा बाकावर ठेवला. "किल्ली मी ठेवायला लावली. लिही."

दुभाष्या फोनवर मिळाला, दुसरी एक अधिकारी आली, आणि काकूंनी जे सांगितलं ते असं. दर नवमीला बंदूक पाटावर ठेवून पूजा व्हायची. पूजेला मांडलेलं दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नाही, असा काकूंच्या माहेरचा नियम. काका म्हणायचे, कायदा आहे, रात्रभर बंदूक बाहेर ठेवता येणार नाही. दरवर्षी यावरून वाद. शेवटी तडजोड निघाली होती : हळदकुंकू लावून, नमस्कार करून काकांनी बंदूक लगेच कपाटात ठेवायची आणि तिच्याऐवजी कपाटाची किल्ली देवापाशी राहायची. देवाचाही मान राहिला, कायद्याचाही.

कायद्याचा राहिला नव्हता, हे सोडून.

"आणि त्या दिवशी बाहेर जाताना यांनी किल्ली उचलायला हात घातला," काकू म्हणाल्या, "तर मीच म्हटलं, अहो, पूजा मोडू नका. देवापाशी आहे, कोण घेतंय? परत आलो तर ती कपाटालाच लागलेली, ती यांनी काढून खिशात टाकली." मग त्यांनी पर्समधून फोन काढला. फोटो होता. पाटावर दुनळी, कमानीवर हळद आणि कुंकवाची बोटं, शेजारी तबकात झेंडूची फुलं आणि फुलांत दोन्ही बाजूंनी दात असलेली लांब किल्ली.

मी तो फोटो बघत उभी राहिले. मला एकदम हलकं वाटलं. त्यांनी बंदूक विकली नव्हती.

काकू आत जाऊ शकत नव्हत्या. सॉलिसिटरला त्यांचा जबाब कळवला, त्यानं काकांशी बंद खोलीत बोलणं केलं आणि आम्ही टेप परत सुरू केली. काकांचा चेहरा उतरला होता, पण खांदे सैल होते.

"ती म्हणते ते खरं आहे. फक्त एक दुरुस्ती," ते इंग्रजीत म्हणाले. "तिनं सांगितलं, पण ठेवली मी. सर्टिफिकेट माझ्या नावावर आहे. तिच्या नाही." मग न राहवून मराठीत, माझ्याकडे बघून : "मॅडम, देवापाशी ठेवली होती असं कुठल्या तोंडानं सांगू? हे लोक हसले असते."

"काका, इंग्रजीत," मी म्हटलं. टेपसाठी.

दुपारी कॅरव्हॅनवाल्याला पुन्हा खोलीत आणलं. कॉन्स्टेबलनं एवढंच विचारलं, "किल्ली कुठे मिळाली?" इतक्या दिवसांचं नो कॉमेंट तिथे सुटलं. तो हसलाच. "ताटात होती. केशरी फुलं, समोर पितळेचा हत्तीवाला देव. मला वाटलं, माझ्यासाठीच मांडून ठेवलीये."

बंदूक काकांचीच ठरली. पहिल्या जबाबातलं खोटं आणि किल्लीचा हलगर्जीपणा या दोन्हींचा अहवाल मी लिहिला, काही न लपवता. निर्णय वरचा होता. सर्टिफिकेट रद्द होणार अशी काकांची खात्रीच झाली होती. वरिष्ठांनी लेखी ताकीद दिली, शेवटची, आणि अट घातली : भिंतीत आकड्यांच्या कुलपाची छोटी तिजोरी, किल्ली तिच्यात, आकडे एकट्या काकांना ठाऊक.

बंदूक परत द्यायला मी स्वतः गेले. काकांनी ती उघडली, नळ्या खिडकीच्या उजेडाकडे धरल्या, दोन्हींतून आरपार पाहिलं आणि मिटली. तोच आवाज. ती मांडीवर घेऊन ते खुर्चीत बसले.

बोलल्या त्या काकू. "आकडे मला सांगणार नाहीत म्हणे. पन्नास वर्षांचा संसार, आणि आकडे नाहीत!"

"सांगितले तर काकांचं सर्टिफिकेट जाईल."

"जाऊ दे मेलं," असं म्हणत त्यांनी तोच स्टीलचा डबा माझ्यापुढे केला. "चिवडा आहे. त्या दिवशी पण होता. तू घेतला नाहीस."

"भेट घेता येत नाही, काकू."

"मग इथे बसून खा. ती भेट नव्हे, फराळ."

मी बसून खाल्ला.

कमानीतली हळद गनस्मिथ मऊ ब्रशनं काढून द्यायला तयार होता. काकांनी काढू दिली नाही. नंबर गेलाय, आता हाच नंबर, म्हणाले. पण बिननंबराची बंदूक कायद्याला चालणार नव्हतीच. नवा नंबर कोरून घ्यावा लागला, पण हळदीला हात न लावता.

या केसनंतर मी घरभेटीत एक प्रश्न वाढवला. किल्ली कुठे असते, हे विचारून झालं की विचारायचे, वर्षातून असा एखादा दिवस असतो का, जेव्हा ती तिथे नसते? दसरा, लग्न, नाताळचं जेवण, पाहुणे. लोक थबकतात आणि मग खरं सांगतात, कारण त्या प्रश्नात आरोप नसतो. काकांना तो मी आधीच्या भेटीत विचारला असता, तर त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं असं मला वाटतं. माणसं गुन्हा लपवायला जेवढं खोटं बोलतात त्याहून जास्त लाज लपवायला बोलतात. पुढच्या नोकरीत मी लाज कुठे आहे ते आधी शोधत गेले.

जमीनदारांना मी फोनवर कळवलं. ते म्हणाले, "त्या गृहस्थांना सांगा, मला आनंद झाला." नंतर, जरा वेळानं, "माझ्या वडिलांची मग कुठे असेल हो?"

कॅरव्हॅनवाल्यानं ती आपण नेलीच नाही असं शेवटपर्यंत सांगितलं, आणि ती आजतागायत सापडलेली नाही. तिचा पूर्ण नंबर माझ्या पाकिटात आहे. निवृत्त झाल्यापासून आसपास जुन्या बंदुकांचा लिलाव असला की मी पाहणीच्या दिवशी जाते. स्पॅनिश साइड-बाय-साइड दिसली की परवानगी घेऊन उघडते आणि नळ्यांखालचा नंबर वाचते. लिलाववाले मला गिऱ्हाईक समजतात. समजू देत.

येत्या शनिवारी नॉटिंगहॅमजवळ एक पाहणी आहे. कॅटलॉगमध्ये एइबारच्या दोन आहेत. दोन्ही उघडून पाहायच्या आहेत.